पाचवा दाणा

सातपूरला मोठे कारखाने संपून पत्र्याच्या गाळ्यांची रांग सुरू होते, तिथं सातव्या गाळ्याबाहेर चपला काढलेल्या दिसल्या तर आत भजन चालू असेल असं समजू नये. तो योगिनीचा गाळा. तिथं डिझेल गाड्यांची कामं होतात. आत जायचं तर चप्पल बाहेर काढायची, हात साबणानं धुवायचे आणि खिशात तंबाखूची पुडी असेल तर तीही बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायची. आजूबाजूचे मिस्त्री त्याला 'सोवळ्याचा गाळा' म्हणतात. म्हणोत बापडे. जे लोक एकाच फडक्यानं इंजिनही पुसतात आणि तोंडही, त्यांच्या चिडवण्याकडं किती लक्ष द्यायचं?

योगिनी दिंडोरीकडची, शेतकऱ्याची मुलगी. आयटीआयला फिटरच्या वर्गात अडतीस मुलगे आणि दोन मुली होत्या. त्यातली दुसरी दिवाळीच्या सुट्टीनंतर आलीच नाही. योगिनी पास झाली आणि डिझेलचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात लागली. तिथल्या जोडणीच्या दालनात तिनं बारा वर्षं काढली. त्या दालनाला दोन दारं होती आणि पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नसे. अंगात पांढरा कोट, केसांवर टोपी, बुटांवर पिशव्या. पंपाच्या आतल्या दोन भागांमध्ये जी फट असते ती केसाहूनही कितीतरी बारीक, आणि तिथं पिठाएवढा कण शिरला तरी पंप स्वतःलाच खरवडून खातो, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की घरी भाकरी थापून झाल्यावर ती ओटा तीनदा पुसायची. नवरा शेखर हसायचा. तोही कारखान्यातच, पण पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर. त्याच्या कामात कणाबिणाची चौकशी कुणी करत नसे.

मग एके वर्षी कंपनीनं ते दालनच दुसऱ्या राज्यात हलवलं. सगळ्यांना हार घातले, पेढे वाटले आणि घरी पाठवलं. योगिनी आठ दिवस रडली आणि नवव्या दिवशी गाळा बघायला गेली.

सासूबाईंना, म्हणजे पुतळाबाईंना, हे अजिबात रुचलं नाही. पुतळाबाई निफाडकडच्या. ताठ कण्याची, कमी बोलणारी, पण बोलली तर समोरच्याला पाणी मागू न देणारी बाई. "कारखान्यात व्हती तव्हा दारात बस यायची," त्या म्हणाल्या. "पांढरा कोट व्हता. चार लोकं इचारायची. आता काय गाडीखाली लोळनार का?" शेखर दोघींच्या मधे सापडला आणि अशा वेळी शहाणे नवरे जे करतात तेच त्यानं केलं, बाजारात भाजी आणायला गेला. शेवटी योगिनीनंच तोड काढली. गुढीपाडव्यापर्यंत मुदत द्या. तोवर पंपाचं एकही काम आलं नाही तर गाळा सोडेन आणि अंबडला पॅकिंगची नोकरी धरेन. पुतळाबाईंनी नुसतं "बघू" म्हटलं, आणि त्या घरात 'बघू' म्हणजे करार झाला असं धरतात.

गाळा सुरू झाला, पण पंप काही येईना. फिल्टर बदलायला लोक यायचे, गळकी नळी बदलून घ्यायचे, चहा पिऊन जायचे. पंपाचं नाव काढलं की मात्र इकडंतिकडं बघत विचारायचे, "मिस्त्री कुठं गेलेत, ताई?" बारा वर्षं जिच्या हाताखालून हजारो पंप गेले तिनं हे ऐकून घ्यायचं! माझ्यासारख्यानं पाना फेकून मारला असता. योगिनी "मीच मिस्त्री" म्हणायची आणि ते लोक "बरं, नंतर येतो" म्हणून जायचे.

पाडव्याला तीन आठवडे उरले आणि कुंदन आला. त्र्यंबक रोडला त्याचं मोठं गॅरेज आहे. त्याच्याकडं येवल्याच्या गोरक्षची डिझेल टर्बो गाडी आली होती. गोरक्ष पैठण्या घेऊन गावोगावच्या प्रदर्शनांना जातो, आणि गाडी चढावर दम टाकायला लागली होती. एकदा गरम झाली की कितीही सेल्फ मारा, सुरूच होत नव्हती. महिन्यापूर्वी कुठल्याशा गॅरेजवाल्यानं नुसता पंप बदलून दिला होता. जुन्या पंपाची झिजलेली धातूची चमकी टाकीत आणि नळ्यांत तशीच राहिली आणि तिनं नवा पंपही खाल्ला. कुंदननं फिल्टर उघडून दाखवला. तळाशी चकचकीत भुकटी होती, नवरीच्या गालावर लावतात तसली.

"ताई, तुमच्या गाळ्याला सोवळ्याचा म्हणतात ना?" कुंदन म्हणाला. "मला तेच सोवळं पाहिजे. बुधवारी सकाळी याला कोल्हापूरला निघायचंय. हे काम नीट झालं तर माझ्याकडचा प्रत्येक पंप तुमच्याकडं. बिघडलं तर मात्र मला परत तोंड दाखवायला जागा नाही."

योगिनीनं तीन दिवस मान वर केली नाही. टाकी खाली उतरवली, धुतली, वाळवली, परत धुतली. एकूण एक नळी साफ केली. इंजिनावर डिझेल फवारणारे इंजेक्टर कुंदननं तपासून आणून दिले. जुना पंप निघाला तिथलं भोक तिनं स्वच्छ प्लास्टिकनं बांधून टाकलं. आता फक्त नव्या पंपाची वाट होती. गाळ्याला अजून पाटीसुद्धा नव्हती, म्हणून पार्सलवर पत्ता तिनं घरचा दिला होता.

सोमवारी अकराच्या सुमाराला पुतळाबाईंचा फोन आला. "तुझं पार्सल आलंय. म्या समदं नीट केलंय, सावकाश ये."

'समदं नीट केलंय' हे ऐकून योगिनीनं हातातलं फडकं तिथंच ठेवलं. तिनं स्कुटी काढली.

घरात देवघरापुढं पाट मांडलेला होता. पाटाभोवती रांगोळी, बाजूला तेवती समई. आणि पाटावर तो पंप, खोक्यातून काढलेला, प्लास्टिकमधून सोडवलेला, भोकांवरची तिन्ही टोपणं उपटलेली. वर हळद, कुंकू, अक्षता आणि एक टपोरा झेंडू.

ज्या कामात पिठाचा कण चालत नाही तिथं चिमूटभर हळदकुंकू! योगिनीनं कपाळाला हात लावला. आजवर जे बोलली नाही ते सगळं तिच्या ओठांवर आलं. ती बोलणार तेवढ्यात तिची नजर पुतळाबाईंच्या हाताकडं गेली. उजव्या हाताच्या अनामिकेचं टोक लाल होतं.

सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत पुतळाबाईंनी कुणाच्या नव्या वस्तूला कुंकू लावलेलं योगिनीनं पाहिलं नव्हतं. गल्लीत कुणाची नवी गाडी आली, बायका ताट घेऊन जमल्या, की या आपल्या 'गॅस चालू राहिलाय' म्हणून आत जायच्या. कुणी त्यांना येऊ नका म्हटलं नव्हतं. पण एकीनंही 'चला हो' म्हणून हात धरला नाही, हेही सांगितलंच पाहिजे. आणि आज घरात एकट्या असताना या बाईनं करंडा खाली काढला होता, तोही या गाळ्यासाठी, ज्याचं नाव काढलं तरी त्या नाक मुरडायच्या. योगिनीच्या मनात राग होता, भीती होती, आणि त्या दोन्हींच्या वर काहीतरी गोड दाटून आलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "ही टोपणं कशाला काढली?"

"देवाला काय पिलाश्टिक घालून बसवायचं? टाकली नाय काय, वाटीत ठिवलीत." मग सुनेचा चेहरा बघून त्या थबकल्या. "काय झालं? शेखर सांगत व्हता, पोरगी तीन दिस नुसती टाकी धुतीय. म्हनलं एवढं करती, तर तिचं काम मार्गी लागावं."

योगिनी त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि सगळं सरळ सांगितलं. यात कण गेला तर काय होतं, कुंदन काय म्हणाला, बुधवारी काय आहे. पुतळाबाईंनी तोंडावर हात धरला.

"मंग म्या मारला का त्याला?"

"अजून नाही. पण मला नीट आठवून सांगा. कुंकू कुठं कुठं लावलं?"

"ह्या डोक्यावर. एकच बोट."

"आणि अक्षता किती?"

"पाच."

"नक्की पाच?"

इथं मात्र पुतळाबाईंना राग आला. "चाळीस वरसं पूजा करतीय. पाच म्हंजी पाच. आनि तुटका दाना एक नाय, निवडून घेते मी."

योगिनीनं मोजले. दोन पंपाच्या डोक्यावर. एक कुंकवात रुतलेला. एक पाटावर. चारच झाले. दोघी गुडघ्यावर बसल्या. पाटाखाली बघितलं, रांगोळीत बघितलं, झेंडूची पाकळी न् पाकळी सुटी केली. पुतळाबाईंनी उभं राहून निऱ्या झटकल्या. पाचवा दाणा काही सापडेना.

"आई, मोबाईलची बॅटरी धरा. इथं. हलवू नका."

डिझेल पंपात शिरतं त्या भोकात योगिनीनं डोकावून बघितलं. त्या भोकाच्या आत, बोटाच्या पेराएवढं खाली, एक बारीक जाळी असते. तिनं स्वतः अशा हजारो जाळ्या बसवल्या होत्या. त्या जाळीवर पाचवा दाणा आडवा पडला होता, अख्खा, हळदीनं पिवळा झालेला. कणी असती तर कडेच्या खाचेत जाऊन बसली असती आणि दिसलीसुद्धा नसती. निवडून घेतलेला अख्खा दाणा होता म्हणून अडकला. योगिनीनं चिमटा धुतला, पुसला आणि श्वास रोखून दाणा वर काढला. एवढा वेळ पुतळाबाईंच्या हातातला उजेड तसूभरही हलला नाही. कारखान्यात दोन महिने शिकवूनही मुलींचे हात इतके स्थिर होत नसत.

"घावला!" पुतळाबाई ओरडल्या, आणि त्यांना एकदम हसू फुटलं. योगिनीलाही. दोघी पाटासमोर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

पण दाणा निघाला तरी हळदकुंकू आत गेलंच असणार. योगिनीनं टोपणं धुऊन परत बसवली आणि पंप नव्या पिशवीत घातला. "चला," ती म्हणाली.

"म्या? कुठं?"

"गाळ्यावर. पंप मांडीवर कोण धरणार?"

आठ महिन्यांत पुतळाबाई त्या गाळ्याकडं फिरकल्या नव्हत्या. आज त्या स्कुटीवर मागं बसून, तान्ह्या बाळाला आणावं तसा पंप पोटाशी धरून आल्या. गाळ्यापाशी उतरल्या, कुणी न सांगता चपला काढल्या, नळाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि पदर खोचून आत शिरल्या. आत बघतात तर देवघरासारखा लख्ख ओटा, हत्यारं ओळीनं मांडलेली, जमिनीवर तेलाचा एक थेंब नाही. त्यांनी ओट्यावरून बोट फिरवून बघितलं. "हं," एवढंच म्हणाल्या.

योगिनीनं पंप भोकं खाली करून धरला आणि गाळून घेतलेलं डिझेल उलट्या बाजूनं सोडलं, म्हणजे जे ज्या वाटेनं आत गेलं ते त्याच वाटेनं बाहेर पडेल. खाली पुतळाबाईंनी पांढरं फडकं ताणून धरलं होतं. पहिलं फडकं गुलाबी झालं. दुसऱ्यावर कोपऱ्यात पिवळट डाग उमटला. तिसरं कोरं पांढरं निघालं.

तेव्हा योगिनीच्या लक्षात आलं की साधी धूळ असती तर ती कधी कळलीच नसती. कुंकू निदान लाल तरी होतं. गेलं तेही दिसलं आणि निघालं तेही दिसलं. पण हे सगळं कुंदनला सांगायचं की नाही? न सांगता बसवला तर कुणाला कळणार होतं? योगिनीनं पाच मिनिटं येरझाऱ्या घातल्या आणि फोन लावला. जे झालं ते सांगितलं, अक्षतांसकट. तुम्ही नको म्हणालात तर माझ्या खर्चानं दुसरा मागवते, असंही म्हणाली.

मग कुंदननं विचारलं, "तिसरं फडकं कसं निघालं?"

"पांढरं."

"अजून एक करा. मी येतोय."

चौथंही पांढरं निघालं. कुंदन आला, सोबत गोरक्षही. कुंदन घाईत बुटांसकट आत पाय टाकतो तोच दारातून आवाज आला, "बूट काढा. आनि हात?" कुंदननं वर बघितलं. पुतळाबाई दारात उभ्या होत्या. अख्खा त्र्यंबक रोड ज्याला वचकून असतो तो कुंदन मुकाट्यानं नळाकडं वळला, आणि त्याच्यामागून गोरक्ष.

योगिनीनं पंप बसवला. बोल्ट मोजून मापून, ठरल्या जोरानं आवळले. उच्च दाबाची नळी नवीन घातली, जुनी वापरायची नसते. मग नळ्यांत डिझेल भरायला हातपंप दाबत बसली. नव्या पंपाला डिझेलचंच वंगण. कोरडा फिरवला तर पहिल्या मिनिटातच गेला. पारदर्शक नळीतून बुडबुडे येत होते, येतच होते. दाबून दाबून तिच्या मनगटाला कळ लागली. शेवटचा बुडबुडा गेला आणि नळीत नुसतं डिझेल दिसायला लागलं, तेव्हा तिनं सगळे जोड परत एकदा तपासले. आता कुठलंच भोक उघडं नव्हतं.

ती वळली. "आई, आता लावा कुंकू. आता हवं तेवढं लावा."

पुतळाबाईंनी कुंदनकडं पाहिलं, गोरक्षकडं पाहिलं. परक्या दोन पुरुषांसमोर, दिवसाढवळ्या. त्यांचा हात पुढं होईना. गोरक्षला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो आपला सहज म्हणाला, "लावा की मावशी, माझ्या गाडीला बरकत येऊ द्या." योगिनी हात धरून त्यांना बोनेटपाशी घेऊन आली. पुतळाबाईंनी पंपाच्या पाठीवर एक बोट कुंकू लावलं आणि पदरानं डोळे टिपले.

गोरक्ष स्टिअरिंगवर बसला. योगिनीनं लॅपटॉप जोडला. पहिल्या सेल्फला इंजिन नुसतं फिरलं. दुसऱ्यालाही. कुंदन खाली बघायला लागला. योगिनीची नजर मात्र पडद्यावरच्या दाबाच्या आकड्यावर होती. तो चढत होता, ऐंशी, एकशे साठ, दोनशे वीस. "परत मार," ती म्हणाली. आकडा तीनशेला गेला आणि गाडी धडाडून सुरू झाली. शेजारच्या गाळ्यातले मिस्त्री दारात येऊन उभे राहिले. कुंदन जोड चाचपायला वाकला तशी योगिनीनं त्याच्या हातावर चापट मारली. त्या दाबाचा फवारा कातडी चिरतो. तिनं पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन एकेका जोडाजवळ धरला. पुठ्ठा कोरडा राहिला.

मग त्र्यंबक रस्त्यानं अंजनेरीपर्यंत गाडी पळवून आणली. चढावर तिनं एकदाही दम टाकला नाही. गाळ्यासमोर, इंजिन चांगलं तापलेलं असताना, योगिनीनं गाडी बंद करायला लावली. गोरक्षनं किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गोरक्षनं खाली उतरून चक्क नाचायला सुरुवात केली. कुंदन बूट घालता घालता म्हणाला, "ताई, उद्या दोन पंप पाठवतो. आणि मावशींना दारातच राहू द्या."

योगिनीनं आवराआवर केली तोवर पुतळाबाई रिक्षानं पुढं घरी गेल्या होत्या. संध्याकाळी ती गल्लीत शिरली तर त्या शेजारच्या सखुबाईंच्या ओट्यावर टेकलेल्या. योगिनी स्कुटी लावायच्या निमित्तानं रेंगाळली.

"दिसभर दाराला कुलूप," सखुबाई विचारत होत्या. "कुठं गेलता पुतळाबाई?"

"कामावर."

"कोनाच्या कामावर?"

"आमच्या गाळ्यावर. सकाळी परत जायचंय, दोन पंप यायचेत."

"अगं बाई! पन गाळा तर पाडव्याला सोडनार व्हते ना तुमी?"

"कोन म्हनलं?" पुतळाबाई ताडकन म्हणाल्या. "पाडव्याला तिथं गुढी उभारायचीय. मी उभारनार हाय."

योगिनी स्कुटी स्टँडवर लावून तशीच उभी राहिली. तिला भरून आलं होतं आणि भाजीपण आणायची होती. शेवटी तिनं शेखरला फोन करून भाजी त्यालाच आणायला सांगितली आणि ती सखुबाईंच्या ओट्यावर सासूशेजारी जाऊन बसली.